नियाझींनी ढाक्यात दिलेलं रिव्हॉल्वर नक्की कोणाचं होतं?

धागाकर्ता: गिरणगावकर (परळ, मुंबई)

ढाक्याच्या शरणागतीचा फोटो न पाहिलेला माणूस इथे विरळाच असेल. १६ डिसेंबर १९७१, रमना रेसकोर्स, उघड्या मैदानात मांडलेलं साधं टेबल. लेफ्टनंट जनरल अमीर अब्दुल्ला खान नियाझी मान खाली घालून सही करताहेत, शेजारी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा. मागे उभे व्हाइस ॲडमिरल कृष्णन, एअर मार्शल देवान, लेफ्टनंट जनरल सगतसिंग (१९६१ साली ५० पॅरा ब्रिगेड घेऊन गोव्यात शिरले ते हेच) आणि मेजर जनरल जेकब. मला बोलायचं आहे ते या फोटोनंतरच्या मिनिटभराबद्दल. सही झाल्यावर नियाझींनी खांद्यावरची पदचिन्हं उतरवली, रिव्हॉल्वर दोरीसकट सोडवलं आणि अरोरांच्या हाती दिलं.

जेकब तेव्हा पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ होते. त्याच दिवशी ते शरणागतीचा मसुदा घेऊन ढाक्याला गेले होते, नियाझींना विचार करायला अर्धा तास त्यांनीच दिला होता. शरण येताना काय द्यायचं यावरही दोघांचं बोलणं झालं होतं. तलवार द्यायची रीत, पण नियाझी म्हणाले माझ्याकडे तलवार नाही, म्हणून रिव्हॉल्वर ठरलं, असं जेकब सांगत. समारंभानंतर त्यांनी ते हत्यार नीट पाहिलं. लष्करात सरसकट मिळतं तसं साधं पॉइंट ३८. नळीत घाण साचलेली, कितीतरी दिवस कोणी साफ केलेली नाही. लॅन्यार्ड, म्हणजे रिव्हॉल्वरला अडकवलेली दोरी, मळकट, सुतं निघालेली. हे सेनापतीचं स्वतःचं हत्यार नव्हे, बहुधा आपल्या एखाद्या मिलिटरी पोलिसाचं घेऊन नियाझींनी ते स्वतःचं म्हणून दिलं, असं जेकबनी आठवणींत लिहून ठेवलंय.

ते हत्यार आज देहरादूनच्या इंडियन मिलिटरी ॲकॅडमीच्या संग्रहालयात नियाझींचं म्हणून ठेवलेलं आहे.

आता हा माणूस कोण होता तेही बघा, कारण त्याशिवाय या गोष्टीतला पीळ कळत नाही. जन्म १९१५ चा, मियाँवालीकडचा. १९४२ मध्ये कमिशन, पलटण ४/७ राजपूत. हीच पलटण १९४४ साली कोहिमाच्या लढाईत १६१ व्या ब्रिगेडमध्ये होती. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांशी लढताना नियाझींनी मिलिटरी क्रॉस कमावला, आणि 'टायगर' हे नाव त्यांना ब्रिगेडियर वॉरननी तिथेच दिलं म्हणतात. मिलिटरी क्रॉस कोणी वशिल्याने देत नव्हतं. आपल्या माणेकशांनाही तो ब्रह्मदेशातच मिळाला, १९४२ मध्ये सितांगच्या लढाईत पोटात गोळ्या लागल्या असताना. म्हणजे १९७१ मध्ये समोरासमोर आलेली ही माणसं एकाच फौजेत, एकाच युद्धात, एकाच शत्रूशी लढून मोठी झालेली होती. फाळणीत राजपूत रेजिमेंट भारताकडे आली, नियाझी पाकिस्तानात गेले. १९६५ च्या युद्धात हिलाल-ए-जुर्रत, हे पाकिस्तानचं शौर्यपदक. एप्रिल १९७१ मध्ये ढाक्याला, टिक्का खानांच्या जागी.

तर अशा माणसाने शेवटच्या क्षणी दुसऱ्याचं हत्यार पुढे केलं असेल का? मला वाटतं, केलं. पण मी पुस्तकं वाचून बोलतोय. ज्यांनी हत्यारं हाताळली आहेत त्यांनी लिहावं, ही विनंती.

प्रतिसाद: रुईया_कट्टा

मस्त विषय. एक शंका. जनरलला वेगळं, भारीतलं पिस्तूल मिळतं ना? मग साधं पॉइंट ३८ बघितल्याबरोबर लक्षात यायला हवं होतं की.

प्रतिसाद: कोत_एनसीओ

गिरणगावकर साहेब, विनंती केलीत म्हणून लिहितो. मी मराठा लाइट इन्फंट्रीतला, मूळ सातारा जिल्ह्यातला, आता कामोठ्यात असतो. पलटणीत बराच काळ कोत सांभाळला, त्यामुळे या गोष्टीत थोडं कळतं.

कोत म्हणजे हत्यारांची खोली. तिथल्या प्रत्येक हत्याराला नंबर असतो आणि तो हत्यारावर ठोकलेला असतो. रजिस्टरला लिहिल्याशिवाय एकही नग बाहेर जात नाही, मग घेणारा शिपाई असो की कर्नल. सही करून न्यायचं, सही करून जमा करायचं. परत आल्यावर कोत एनसीओ नंबर मिळवतो, नळी उजेडाकडे धरून बघतो. नळीत काळं दिसलं तर हत्यार जमा करून घेत नाही, घेऊ नयेच. पुल-थ्रूला चिंधी लावून नळीतून ओढायची, चिंधी पांढरी निघेपर्यंत ओढायची, मग तेलाचा हलका हात. रिव्हॉल्वरला काम जास्त. जुनं एनफिल्ड पॉइंट ३८ असेल तर ते बिजागरीवर मधून उघडतं, सहा घरांचं चक्र वर येतं. नळी साफ करून भागत नाही, सहाही घरं एकेक करून पुसावी लागतात. म्हणून कंटाळा करणारे बहुतेकदा रिव्हॉल्वरचाच करतात.

आता मुद्द्याचं. जनरल साहेब स्वतःचं हत्यार स्वतः पुसत नाहीत. त्यांना एडीसी असतो, सहायक असतो. साहेबांच्या हत्यारावर धूळ दिसली तर त्या सहायकाचं काय होईल ते पलटणीत राहिलेल्यालाच माहीत. लढाई चालू असो की हरत आलेली असो, ही सवय मोडत नाही. शिवाय जनरल ते रोज झाडत नाही, मग नळीत घाण येणार कुठून? गोळी झाडून साफ न करता ठेवलं, किंवा दमट हवेत उघड्या होल्स्टरमध्ये महिनोन्महिने वागवलं, तर येते. ड्युटीवरच्या मिलिटरी पोलिसाचं हत्यार असंच वागवलं जातं. रोज काढायचं, रोज लटकवायचं, पावसापाण्यात चौकात उभं राहायचं. आणि लॅन्यार्ड ही तर त्यांची रोजची चीज. खांद्यावरून येऊन दस्त्याच्या कडीत अडकवलेली दोरी दिवसभर घासते, सुतं निघतात ती तिथेच.

म्हणून जेकब साहेबांनी नळी आणि दोरी बघून जो अंदाज केला तो मला तरी पटतो. कोतवर बसलेल्या कुठल्याही माणसाने तोच केला असता.

प्रतिसाद: गिरणगावकर

धन्यवाद. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

रुईया_कट्टा, जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांना वेगळं पिस्तूल द्यायची रीत अमेरिकेत आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांना कोल्टची छोटी पिस्तुलं मिळत, १९०३ चं पॉइंट ३२ किंवा १९०८ चं पॉइंट ३८०. पुढे सत्तरच्या दशकात रॉक आयलंडच्या सरकारी कारखान्यात खास जनरल लोकांसाठी एम१५ नावाचं पिस्तूल बनवलं गेलं. आता हेही बघा, पॅटनला सरकारने कोल्ट दिलं होतं, पण जगाला आठवतं ते त्याने १९१६ मध्ये पदरच्या पैशाने घेतलेलं, हस्तिदंती मुठीचं पॉइंट ४५ रिव्हॉल्वर. आपल्याकडे आणि पाकिस्तानकडे जी हत्यारं आली ती ब्रिटिशांच्या कोठारातली, वेब्ली आणि एनफिल्ड. त्यामुळे केवळ 'साधं पॉइंट ३८' आहे एवढ्यावरून ते जनरलचं नव्हे असं ठरत नाही. ठरतं ते त्याच्या अवस्थेवरून.

प्रतिसाद: पानाआड

मी जरा उलट बाजू मांडतो. राग मानू नका, विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणूनच लिहितोय.

पहिली गोष्ट, हत्यार बघून हे लिहिणारे साक्षीदार एकटे जेकब, आणि त्यांचं पुस्तक १९९७ चं. म्हणजे पंचवीस वर्षांनंतर. दुसरं, जेकब आणि नियाझी यांच्या हकिकती एकमेकींशी जुळतच नाहीत. आपल्याला मुक्तिवाहिनीच्या (बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या) ताब्यात द्यायची धमकी देऊन जेकबनी सही मिळवली, असं नियाझींचं म्हणणं. जेकबनी ते साफ नाकारलं. आणि मिलिटरी पोलिसाची गोष्ट जेकबनीसुद्धा 'बहुधा' म्हणून लिहिली आहे. आपण ती धाग्याच्या तिसऱ्या प्रतिसादात सिद्ध करून मोकळे झालो.

तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. १६ तारखेला ढाक्यात आपली फौज थोडी होती. जेकबच्या हिशेबाने नियाझींकडे शहरात सव्वीस हजारांवर माणूस आणि आपले वेशीबाहेर तीनेक हजार. लोक खवळलेले. म्हणून पाकिस्तानी सैनिकांकडची हत्यारं त्याच दिवशी काढून घेतली नाहीत, स्वसंरक्षणासाठी त्यांच्याकडेच राहू दिली. अधिकाऱ्यांनी आपली शस्त्रं १९ डिसेंबरला ढाका छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर रीतसर खाली ठेवली. मग १६ तारखेला नियाझींच्या कमरेला नेहमीचं हत्यार होतं की समारंभापुरतं हाताशी येईल ते घेतलं होतं? जेवणं झाल्यावर घाईघाईत विमानतळावर जायचं, अरोरांना घ्यायचं, तिथून मैदानावर. त्या धांदलीत कोणी 'रिव्हॉल्वर आणा रे' म्हटलं आणि शेजारच्याने आपलं दिलं, एवढंही असू शकतं. त्यात कावा असेलच असं नाही.

प्रतिसाद: कोत_एनसीओ

पानाआड साहेब, घाईत दुसऱ्याचं घेतलं असेल तरी दुसऱ्याचंच झालं ना. जवानाच्या नावावर लिहिलेलं हत्यार साहेबांनी देऊन टाकलं, त्या जवानाने हिशेब कोणाला द्यायचा?

प्रतिसाद: वसईकर

शरणागतीत हत्यार मागावं की मागू नये, यावर इतिहासात दोन पंथ आहेत.

एक पंथ ग्रँटचा. १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्सला ली शरण आला तेव्हा ग्रँटने अटीतच लिहून दिलं की अधिकाऱ्यांनी आपली कमरेची शस्त्रं आपल्यापाशी ठेवावीत. तलवार मागितलीच नाही. आमच्या वसईत १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तेच केलं. वेढ्यात आपली हजारो माणसं कामी आली होती, सुडाला पुरेसं कारण होतं. तरी तह झाल्यावर पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, वाजतगाजत किल्ल्याबाहेर पडू दिलं. मराठ्यांनी आणल्या त्या तिथल्या चर्चच्या घंटा. नाशिकला नारोशंकराच्या देवळात गेलात तर अजून बघायला मिळते.

दुसरा पंथ माउंटबॅटनचा. १९४५ मध्ये आग्नेय आशियात जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी सर्वांसमक्ष द्याव्यात असा त्यांनी आग्रह धरला. मॅकआर्थरचं मत वेगळं होतं. माउंटबॅटनना वाटे की हार झाली हे सैनिकांनी आणि लोकांनी डोळ्यांनी बघितलं पाहिजे, नाहीतर दहा वर्षांनी तेच म्हणतील आम्ही हरलोच नव्हतो.

ढाक्याचा समारंभ या दुसऱ्या पंथातला. शरणागती बंद खोलीत नाही, रेसकोर्सवर, लोकांसमोर. ७ मार्चला मुजीबनी लाखोंच्या सभेत भाषण केलं ते हेच मैदान. तिथे पदचिन्हं उतरवायला लावणं आणि हत्यार घेणं हे ढाक्यातल्या माणसांसाठी होतं. ती गर्दी नियाझींच्या अंगावर धावून जायला निघाली होती, त्यांना जीपमध्ये घालून तिथून काढावं लागलं. त्या लोकांना रिव्हॉल्वरचा नंबर बघायचा नव्हता. ते उतरलं, एवढं बघायचं होतं.

प्रतिसाद: शुभ्रा_दादर

सगळे प्रतिसाद वाचले. माहिती खूप मिळाली, तरी वाचताना सारखं अस्वस्थ वाटत राहिलं, म्हणून लिहिते.

माझी आई तेव्हा दादरला, कॉलेजात होती. ३ डिसेंबरपासूनचा ब्लॅकआउट ती आजही सांगते. खिडक्यांच्या काचांना काळे-तपकिरी कागद चिकटवलेले, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले, भोंगा झाला की चाळीत सगळे जिन्याखाली. आणि १६ तारखेच्या संध्याकाळी इंदिराबाईंनी लोकसभेत केलेली घोषणा बातम्यांत ऐकली तेव्हा अख्खा मजला गॅलरीत आला होता. आमच्या घरात तो दिवस असा आठवला जातो, आनंदाचा.

पण मी पुढे बांगलादेशच्या बायकांबद्दल वाचायला लागले, तेव्हा मला या आनंदाची दुसरी बाजू कळली. २५ मार्चपासून डिसेंबरपर्यंत तिथे काय चाललं होतं हे जगजाहीर आहे. एप्रिलपासून तिथल्या फौजेचे प्रमुख नियाझी होते. पाकिस्तानने स्वतः नेमलेल्या हमुदुर रहमान आयोगानेही त्यांच्यावर ठपका ठेवला, त्यांचं कोर्ट मार्शल करावं असं सुचवलं. ते कधीच झालं नाही. जबलपूरच्या छावणीत युद्धकैदी म्हणून राहिले, ३० एप्रिल १९७४ ला वाघ्यावरून परत गेले, पुढे नोकरीतून काढलं, पेन्शन तोडली. आणि फेब्रुवारी २००४ मध्ये लाहोरला वारले. वर्षानुवर्षं म्हणत राहिले की माझं कोर्ट मार्शल करा, मी निर्दोष ठरेन.

गिरणगावकर, तुम्ही ब्रह्मदेश आघाडीवरचा मिलिटरी क्रॉस लिहिलात, ते बरोबरच आहे, तो लिहायलाच हवा. पण 'कारकीर्द' सांगताना एप्रिल ते डिसेंबर हे आठ महिने एका ओळीत जातात आणि रिव्हॉल्वरच्या नळीवर पाच परिच्छेद होतात, हे मला सहन झालं नाही.

प्रतिसाद: गिरणगावकर

शुभ्राताई, तुमचा प्रतिसाद धाग्यात वर असायला हवा असं मला वाटतं. मी या गोष्टीपाशी का अडकलो ते सांगतो, म्हणजे आपण दोघं फार लांब नाही हे कळेल.

कोत_एनसीओ यांनी लिहिलंय की हत्यार सही करून घ्यायचं आणि सही करूनच जमा करायचं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. जेकबनी लिहिलेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. एक हे रिव्हॉल्वर. दुसरी म्हणजे त्या कागदावरची सही. नियाझींनी आधी पूर्ण नाव लिहिलंच नव्हतं, अर्धवट सही केली होती. जेकबच्या ते लक्षात आलं, त्यांनी अरोरांना सांगितलं आणि मग पूर्ण सही घेतली. त्या कागदावर वेळ ४ वाजून ३१ मिनिटं अशी आधीच टाइप केलेली, प्रत्यक्षात जेकबच्या घड्याळात पाच वाजायला आले होते. या गफलतींमुळे पुढे कलकत्त्यात त्यावर पुन्हा सह्या कराव्या लागल्या. वेळेची चूक आपल्याकडची, ती कारकुनी. पण अर्धवट सही आणि दुसऱ्याचं हत्यार या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून आल्या असतील, तर तो माणूस त्या टेबलापाशी बसूनसुद्धा 'हे माझं आहे' म्हणायला तयार नव्हता. शस्त्र माझं नाही, सही पुरती माझी नाही. पुढे तीस वर्षं तेच चाललं. दोष याह्याचा, दोष भुट्टोचा, दोष रावळपिंडीचा. त्यांचा दोष होताच, तो कोणी नाकारत नाही. पण हाताखालच्या फौजेने आठ महिने जे केलं त्याचा हिशेब सेनापतीच्या नावावर पडतो, आणि तो त्यांनी कधीच घेतला नाही. त्यांचं कोर्ट मार्शल व्हायला हवं होतं असं मलाही ठामपणे वाटतं.

माझ्यासाठी ती घाण नळी या आठ महिन्यांपासून वेगळी नाही. म्हणून मी तिथे थांबलो.

प्रतिसाद: पानाआड

हे वाचून मुद्दा कळला. तरीही पुराव्यापुरतं माझं मत कायम: बहुधा. सही आणि रिव्हॉल्वर, दोन्हींचे साक्षीदार पुन्हा जेकबच.

आणखी एक. ९३,००० 'सैनिक' शरण आले असं सर्रास लिहिलं जातं. त्यात गणवेशातले सुमारे ८०,००० आणि उरलेले नागरिक होते. आकडा एवढा मोठा आहे की त्याला फुगवायची गरज नाही.

प्रतिसाद: लाटांवर

माझी नोकरी नेव्हल डॉकयार्डात गेली, त्यामुळे माझ्या डोळ्यासमोर १९७१ म्हटलं की ढाका आधी येत नाही. ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी कराची गाठली, निपात, निर्घात, वीर. आमच्या आधीच्या पिढीतले कामगार त्या नौकांची नावं घरच्या माणसांसारखी घेत.

आणि ९ तारखेची खुकरी, आपली युद्धनौका. दीवजवळ पाणसुरुंग नव्हे, पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. १८ अधिकारी, १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. लोकांना बाहेर काढत राहिले, आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाजाबरोबर गेले. महावीर चक्र मिळालं, मरणोत्तर. जहाजाचा प्रमुख म्हणजे काय ते मुंबई बंदरात काम करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. गिरणगावकरांनी वर 'नावावर पडतो' असं लिहिलंय. मुल्लासाहेबांनी ते घेतलं. एवढंच लिहायचं होतं.

(वसईकर, मुंबईहून दीवला गेलात तर तिथलं खुकरीचं स्मारक चुकवू नका.)

प्रतिसाद: कोत_एनसीओ

आता मराठ्यांची पण एक गोष्ट ऐका, ती याच लढाईतली आणि ती पण गोळी-बंदुकीचीच.

जमालपूरला पाकिस्तानची ३१ बलुच बसली होती, कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद. आपल्याकडून पहिली मराठा, जंगी पलटण, लेफ्टनंट कर्नल ब्रार यांच्या हाताखाली. ब्रिगेडियर क्लेर यांनी सुलतान अहमदना पत्र पाठवलं की वेढलेले आहात, शरण या. एका म्हाताऱ्या माणसाच्या हाती पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं. कागदात गुंडाळलेली ७.६२ ची गोळी, आणि मजकूर असा की पुढच्या वेळी हातात लेखणी नको, स्टेनगन घेऊन भेटा. १० तारखेच्या रात्री ३१ बलुचने वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला आणि मराठ्यांच्या मोर्च्यांवर आदळली. त्यांची फार माणसं पडली. जमालपूर ११ ला पडलं.

त्याच ११ तारखेला दुपारी टांगाइलजवळ २ पॅरा उतरली, पुंगलीचा पूल धरला. २ पॅरा म्हणजे मूळची आपली तिसरी मराठाच, म्हणून अजून २ पॅरा (मराठा) म्हणतात. १६ ला सकाळी मीरपूरच्या पुलापाशी तीच होती, जनरल नागरांनी नियाझींना चिठ्ठी धाडली ती तिथूनच, आणि ढाक्यात पहिली शिरलेली पलटणही तीच. नागरा आणि नियाझींची जुनी ओळख होती. चिठ्ठीत नावानेच हाक मारली होती, अब्दुल्ला, मी इथे आलोय, खेळ संपला, माझ्या स्वाधीन हो.

सुलतान अहमदचं मी नाव आदराने घेतो. शत्रू होता, हरला, पण गोळी पाठवली ती आपल्या पलटणीच्या नावाने पाठवली आणि मग लढला. आमच्या पलटणीत जुने सुभेदार त्याची गोष्ट सांगायचे तेव्हा कोणी हसत नसे.

प्रतिसाद: शुभ्रा_दादर

कोत_एनसीओ काका, जमालपूरवर स्वतंत्र धागा काढा ना. ही गोष्ट इथे प्रतिसादात हरवून जाईल. गिरणगावकर, तुमचं उत्तर वाचलं. 'तिथे थांबलो' म्हणालात ते पटलं. फक्त मूळ लेखात ते आठ महिने दोन परिच्छेद तरी वाढवा. नवीन वाचणारा मुलगा प्रतिसादांपर्यंत येईलच असं नाही.

प्रतिसाद: गिरणगावकर

वाढवतो. संपादकांना लेख उघडून द्यायला सांगितलंय.

प्रतिसाद: रुईया_कट्टा

देहरादूनच्या संग्रहालयातल्या हत्यारावर नंबर असेलच ना? आणि ढाक्याच्या पाकिस्तानी मिलिटरी पोलिसांची रजिस्टरं कुठे असतील तर जुळवता येईल?

प्रतिसाद: कोत_एनसीओ

नंबर असणारच, ठोकलेला असतो, सहज पुसला जात नाही. एनफिल्ड असेल तर बनवल्याचं सालही फ्रेमवर मिळेल. पण रजिस्टरचं सांगतो. शरण यायची वेळ आली की कोतवाला पहिल्यांदा कागद जाळतो, सगळ्या फौजांत हेच शिकवतात. मिळालीच तर तो माणूस कोण होता तेही कळेल. मला खरं तर त्याचीच काळजी वाटते. युद्धकैदी होऊन परत गेल्यावर त्याला कोणीतरी विचारलं असेल, तुझं हत्यार कुठंय म्हणून.

प्रतिसाद: वसईकर

काका, याच्यावर आणि जमालपूरवर, दोन्हींवर लिहा. वाट बघतो.

प्रतिसाद: कोत_एनसीओ

लिहितो. मोबाइलवर मराठी टाइप करायला वेळ लागतो आणि या आठवड्यात रात्रपाळी आहे. रविवारनंतर जमालपूरचा धागा काढतो, आमच्या जिल्ह्यात जंगी पलटणीतले दोन-तीन जुने लोक आहेत, त्यांना आधी फोन करून विचारून घेतो.